आबांचा लॅपटॉप, विंडोज ११ आणि दुकानाच्या खात्यात अडकलेली किल्ली: दिवाळीपासूनचा अनुभव

गेल्या दिवाळीत आम्ही वडिलांसाठी, म्हणजे आबांसाठी, जळगावातील एका दुकानातून विंडोज ११ असलेला लॅपटॉप घेतला. ब्रँडचे आणि दुकानाचे नाव लिहिणार नाही, कारण माझी जी तक्रार आहे (लॅपटॉपच्या डिस्कचे कुलूप उघडण्याची किल्ली दुकानाच्याच खात्यात राहिली) ती कोणत्याही ब्रँडच्या लॅपटॉपवर आणि कोणत्याही गावच्या दुकानात उद्भवू शकते. प्रोसेसर, रॅम, पडदा यांची माहिती सर्वत्र उपलब्ध आहे. होळीच्या आधी मला कोणी विचारले असते, तर मी पाचपैकी साडेचार तारे दिले असते आणि अर्धा तारा केवळ चार्जरच्या आखूड वायरसाठी कापला असता.

खरे तर हा खर्च आणखी वर्षभर लांबवावा असे माझे मत होते. आमचा जुना डेस्कटॉप सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा असल्यामुळे विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता आणि विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. परंतु घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात, हे मी घरी समजावून सांगितले होते. भावाला ते पटले नाही. जुना डेस्कटॉप अमळनेरला काकांकडे गेला (त्याची हकीकत पुढे येईल) आणि आबांच्या टेबलावर नवा लॅपटॉप आला.

आबा चोपडा तालुक्यात केळी करतात. कांदेबागेची आणि मृगबागेची (हे केळी लागवडीचे दोन हंगाम) वेगवेगळी एक्सेल फाइल, व्यापाऱ्यांच्या पावत्या, ठिबकची बिले, फळपीक विम्याची कागदपत्रे आणि वाऱ्याने बाग आडवी झाली तेव्हाचे फोटो, असे सगळे त्या लॅपटॉपमध्ये होते. होळीच्या सुमारास दर महिन्याचा अपडेट बसत असताना लॅपटॉप पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागला. बदल मागे घेत असल्याची सूचना यायची, टक्केवारी थोडी चढायची आणि पडदा काळा व्हायचा. मी कामानिमित्त बाहेरगावी होते, आबांनी शेजारच्या मुलाच्या हाती लॅपटॉप जळगावच्या अधिकृत सेवा केंद्रात पाठवून दिला आणि मला फोनवर एवढेच विचारले, "मना हिसाब कथा गया व माय?" (माझा हिशेब कुठे गेला गं माय?)

सेवा केंद्राचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले: "मॅडम, डिस्क करप्ट आहे, फॉरमॅट मारावा लागेल, डेटा जाईल." डेटा हवाच असेल तर तो बाहेरून काढून आणावा लागेल आणि त्यासाठी लॅपटॉपच्या किमतीच्या साधारण पाव हिस्सा रक्कम पडेल, असेही सांगण्यात आले. तपासणी शुल्काचे साडेसातशे रुपये तर आधीच घेतले होते. फॉरमॅटला मी लेखी नकार दिला आणि जळगावला पोहोचल्यावर स्वतः पडदा पाहिला, तेव्हा डिस्क करप्ट असल्याचे त्यावर कुठेही लिहिलेले नव्हते. निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की (ते उघडण्याची किल्ली) मागितली होती, एवढेच. थोडे खोदून विचारल्यावर कळले की पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करण्यासाठी तंत्रज्ञाने बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) जाऊन सिक्युअर बूट (अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय) बंद केले होते आणि बायोसची आवृत्तीही बदलली होती. डिस्क उघडण्याची गुपिते टीपीएम नावाच्या चिपमध्ये असतात. सुरू होण्याच्या प्रक्रियेत असा फेरफार दिसला की ती चिप गुपित द्यायला नकार देते आणि यंत्र माणसाकडे किल्ली मागते. म्हणजे कुलूप बिघडले नव्हते. ते आपले काम चोख करीत होते. आधी अडकला होता तो अपडेट, किल्लीचा प्रश्न सेवा केंद्रात निर्माण झाला.

पण आमच्या घरात कोणीही हे कुलूप लावले नव्हते. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ च्या उत्तरार्धापासून, होम आवृत्तीच्या नव्या यंत्रांवरही मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करून मांडणी (सेटअप) पूर्ण केली की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील सगळे सांकेतिक करून कुलूपबंद करण्याची सोय, आपोआप चालू होते आणि त्याची किल्ली त्या खात्यात जमा होते. व्यवस्था म्हणून ती वाईट नाही. प्रश्न इतकाच उरतो, की ते खाते कोणाचे?

मांडणी दुकानात झाली होती. "आबा, तुम्ही चहा घ्या, तोपर्यंत सगळं टाकून देतो," असे म्हणून दुकानातील मुलाने विंडोज, ऑफिस आणि मराठी टंकलेखन सगळे तयार करून दिले होते आणि आबांना केवळ चार आकडी पिन सांगितला होता. किल्ली मागणाऱ्या त्या निळ्या पडद्यावर, २४एच२ असल्यामुळे, ज्या खात्यात किल्ली आहे त्याच्या ईमेलचा अर्धवट झाकलेला पत्ता दिसतो. त्याची सुरुवातीची अक्षरे आबांच्या नावाची नव्हती, माझ्याही नव्हती. ती दुकानाच्या नावाची होती.

दुकानदाराने आधी हात झटकले. "ताई, आम्ही फक्त बॉक्स विकतो, विंडोजचं कंपनीला विचारा." मग मी पडद्याचा फोटो समोर धरला. तेव्हा त्यांनी मान्य केले की नवे खाते काढण्याचा वेळ वाचावा म्हणून मुले एकाच खात्यावर सगळे लॅपटॉप चालू करून देत असत. त्या खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक ज्या मुलाचा होता, तो नोकरी सोडून भुसावळला गेला होता. त्याला फोन लावला, त्याच्या मोबाइलवर आलेला कोड त्याने भल्या मनाने सांगितला आणि दुकानाच्या संगणकावर ते खाते उघडले. रिकव्हरी कींच्या यादीत आमच्या लॅपटॉपसोबत कितीतरी अनोळखी लोकांच्या यंत्रांच्या किल्ल्या ओळीने मांडलेल्या होत्या. कोणाचे दवाखान्याचे संगणक असतील, कोणाचे सीएचे, कोणाचे कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे. त्या गर्दीतून आपली किल्ली शोधायची पद्धत सोपी आहे: लॅपटॉपच्या पडद्यावर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरे यादीतील आयडीशी जुळवायची.

किल्ली ४८ अंकांची असते, सहा-सहा अंकांच्या आठ गटांत. प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे टाइप करताना झालेली चूक बहुधा पकडली जाते. मी कागदावर उतरवून घेतलेल्या गटांना फोनच्या कॅल्क्युलेटरवर भागून पाहिले, तेव्हा एका गटात ३ आणि ८ यांची अदलाबदल सापडली. सेवा केंद्रात परत जाऊन आकडे भरले, विंडोज उघडले, आणि 'करप्ट' म्हणून घोषित झालेल्या डिस्कवर कांदेबागेची एक्सेल फाइल जिथल्या तिथे होती. काउंटरवरील तरुण म्हणाला, "अरे, हे तर चालू झालं!" तपासणी शुल्क परत करण्याचा विषय मात्र त्याने काढला नाही.

इथवर माझे मत असे झाले होते की हे एन्क्रिप्शन घरगुती माणसाच्या गळ्यात विनाकारण अडकवलेले लोढणे आहे आणि ते पहिल्या दिवशीच बंद करावे. मुद्दाम लिहिते की ते मत आता बदलले आहे. आबांचा लॅपटॉप कित्येक दिवस एका काउंटरमागच्या फळीवर पडून होता. त्यात आधार, पासबुक, सातबारा या सगळ्यांच्या स्कॅन प्रती होत्या आणि तो कोणाकोणाच्या हातून गेला हे मला कधीच कळणार नाही. एन्क्रिप्शन नसते, तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडणाऱ्या कोणालाही ते सगळे वाचता आले असते. विंडोजचा पासवर्ड त्याला अडवू शकत नाही. त्याच कारणाने, किल्लीशिवाय डेटा 'काढून देतो' म्हणणारा माणूस पैसे कशाचे घेणार होता, हा प्रश्न मला अजून पडतो. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवरील बिट किल्लीविना मिळाले तरी त्यांचा अर्थ लागत नाही.

लॅपटॉप हाती आल्यावर आणखी एक गोष्ट उलगडली. दिवाळीनंतर आबांच्या डेस्कटॉपवर एका अनोळखी लग्नाच्या पत्रिकेची फाइल उगवली होती; दुकानदाराची काहीतरी राहिली असेल असे समजून आबांनी ती बाजूला ठेवली होती. प्रत्यक्षात वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचा) फोल्डर बॅकअप चालू होता आणि एकाच खात्यावरील निरनिराळ्या लोकांचे डेस्कटॉप एकमेकांत मिसळत होते. मोफत मिळणारी ५ जीबी जागा या सामाईक संसारात केव्हाच संपली होती, म्हणजे ज्याला आम्ही बॅकअप समजत होतो तो थांबलेला होता. कोण्या वधूवरांच्या घरी आबांचे केळीचे भाव पोहोचले असतील तर त्यांनी कृपया दुर्लक्ष करावे.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवला. आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतली. मग सेटिंग्जमधील 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद केले आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत चार्जर काढला नाही. नंतर वनड्राइव्ह त्या खात्यापासून तोडले, आबांच्या स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर नवे खाते काढून त्याने प्रवेश केला आणि एन्क्रिप्शन पुन्हा चालू केले. यामुळे नवी किल्ली तयार होते आणि दुकानाच्या खात्यातील जुनी निरुपयोगी ठरते. नवी किल्ली छापून सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवली आहे. ज्यांचा लॅपटॉप दुकानात 'चालू करून' मिळाला आहे त्यांनी सेटिंग्जमध्ये आपल्या नावाखाली कोणता ईमेल दिसतो, तेवढे आज पाहावे.

मूळ अपडेटचे काय झाले, तर ते प्रकरण फार किरकोळ निघाले. सुरू होण्यात लागोपाठ अपयश आले की विंडोज स्वतःच दुरुस्तीच्या पडद्यावर नेते. तिथे 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' या वाटेने शेवटचा मासिक अपडेट काढता येतो. तो काढला, लॅपटॉप सुरळीत चालला, काही दिवसांनी तोच अपडेट पुन्हा आला आणि मुकाट्याने बसला. हे घरी करता येण्याजोगे आहे, परंतु एन्क्रिप्शन असेल तर या पडद्यावरील काही पर्यायही किल्ली मागतात, म्हणून ती आधी हाताशी हवी. वर्षातून एकदा येणारा मोठा आवृत्तीबदल बिघडला, तर मागे जाण्यासाठी साधारणपणे १० दिवसच मिळतात, त्यानंतर 'विंडोज.ओल्ड' फोल्डर साफ होतो.

आता अमळनेरची हकीकत. काकांकडे गेलेल्या जुन्या डेस्कटॉपवर कोणीतरी 'जागा करून देण्यासाठी' डी ड्राइव्हला क्विक फॉरमॅट केले आणि चुलत बहिणीच्या हळदीचे फोटो गेले. इथे मात्र नशीब आमच्या बाजूने होते, कारण ती जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क होती. क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींची नोंदवही पुसली जाते. मजकूर त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक राहतो. एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या डिस्कवर) ट्रिम ही आज्ञा पुसलेले कप्पे रिकामे करायला सांगते, त्यामुळे तिथे अशी आशा फार थोडी. संगणक ताबडतोब बंद करवला, गोलाणी मार्केटमधून डिस्क जोडायची स्वस्त केसिंग घेतली आणि फोटोरेक हे मोफत साधन चालवून सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर उतरवल्या. त्याच डिस्कवर उतरवल्यास उरलेसुरलेही पुसले जाते. फोटोरेक फाइलीची मूळ नावे व फोल्डर परत देत नाही. हळद, वरात आणि काकांच्या ट्रॅक्टरचे कागद एकाच ढिगात आले आणि ते वेगळे करण्याचे काम काकू अजून दुपारच्या वेळी करीत असतात. ज्या कामासाठी आमच्या लॅपटॉपवर पाव किंमत मागितली गेली होती, त्याहून अवघड काम केसिंगच्या किमतीत झाले, हे नोंदवून ठेवते.

बाकी लॅपटॉपविषयी थोडक्यात: कीबोर्ड उत्तम, बॅटरी सांगितली त्याच्या दोन तृतीयांश चालते, आवाज क्षीण, आणि आमच्याकडच्या उन्हात दुपारी पंखा एवढा ओरडतो की आबा तेव्हा हिशेब करीत नाहीत. यंत्राला चार तारे. दुकानाने त्यानंतर प्रत्येक ग्राहकाचे वेगळे खाते काढण्यास सुरुवात केली आहे असे सांगतात, म्हणून त्यांना अडीच. सेवा केंद्राला एक तारा. साडेसातशे रुपयांच्या पावतीसह १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे; रक्कम परत आली तर त्यांचा एक तारा वाढवीन.