छोटा ड्रोन जास्त वेळ उडवायचाय: बॅटरी वाढवावी की पंखे?

पाच-सहा मिनिटांत ड्रोन खाली उतरवावा लागला की हात आधी मोठ्या बॅटरीकडे जातो. माझं ठाम मत आहे, तो पर्याय शेवटी ठेवा.

एका जागी तरंगायला लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते. समजा ड्रोन २०० ग्रॅमचा आहे आणि त्यातली बॅटरी ४० ग्रॅमची. तशीच आणखी एक जोडली तर ऊर्जा दुप्पट होते, पण खर्चही सुमारे ३१ टक्के वाढतो. वेळ मिळतो तो जेमतेम दीडपट. बॅटरीचं वजन उरलेल्या ड्रोनच्या दुपटीपुढे गेलं, की वेळ उलट घटायला लागतो. शिवाय आपल्याकडच्या ड्रोन नियम २०२१ मध्ये ‘नॅनो’ गटाची मर्यादा २५० ग्रॅम आहे, तीही सांभाळायची असते.

पंख्यांचा हिशोब जास्त फायद्याचा. मोठा पंखा जास्त हवा हळू ढकलतो, म्हणून वजन तेच राहिलं तर ३ इंची काढून ४ इंची लावल्यावर कागदावर पाव शक्ती वाचते. फ्रेम मोठी लागते, त्यामुळे हातात थोडं कमी पडतं, तरीही सौदा चांगलाच. मोटर मात्र कमी केव्हीची (म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला कमी फेरे घेणारी) घ्या. जुन्याच मोटरवर मोठा पंखा चढवला तर ती तापते. आणि हो, वाऱ्याच्या झोतात असा ड्रोन सावरायला वेळ घेतो. कसरती करायच्या असतील तर लहान पंखेच बरे.

त्यानंतर सेलचा प्रकार. ३५०० एमएएचचा ‘१८६५०’ मापाचा नळकांडी लिथियम-आयन सेल जेमतेम ४८-४९ ग्रॅमचा असतो आणि त्यात साडेबारा वॉट-तास मावतात. तेवढ्याच वजनाच्या लायपोत, म्हणजे ड्रोनच्या नेहमीच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीत, साधारणपणे बरेच कमी. पण असे सेल सलग १० अँपिअरच्या आसपासच देतात. शांत, संथ उड्डाणाला ते पुरतात, जोरात थ्रॉटल द्यायचा असेल तर लायपोला पर्याय नाही. बदल केलात तर ‘बॅटरी संपत आली’ सांगणारा व्होल्टेजचा इशाराही खाली आणा: लायपो सेलला ३.५ व्होल्टला उतरवतात, लिथियम-आयन ३ पर्यंत चालतो. हे राहिलं तर बरीच ऊर्जा न वापरताच ड्रोन खाली येतो.

काम नुसतं टेहळणीचं असेल तर सतत उडायचं तरी कशाला? हार्वर्डच्या ‘रोबोबी’ या चिमुकल्या उडत्या रोबोने २०१६ मध्ये स्थिर विद्युतभाराच्या जोरावर पानाला चिकटून दाखवलं; तरंगण्यापेक्षा त्याला सुमारे हजारपट कमी शक्ती लागली. तुमच्या ड्रोनला तसं चिकटता येणार नाही, पण गच्चीच्या कठड्यावर उतरून मोटर बंद ठेवून कॅमेरा चालू ठेवणं नक्की जमेल.