प्रोजेक्टच्या वापरलेल्या प्लेटा (जंतू वाढवायच्या बशा) टाकून देताना: ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारायचं यंत्र) की हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी)?
रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मासळीचे स्वॅब (कापसाच्या काडीने नमुने) घेताय ना, मग प्लेटवर व्हिब्रिओ (कॉलऱ्याच्या गटातला जंतू) पण उगवू शकतो, म्हणून त्या टाकून द्यायच्या कशा ते आधीच ठरवा. माझं मत सरळ ऑटोक्लेव्ह, १२१ डिग्री, १५ पाउंड प्रेशर, कचऱ्याला निदान ३० मिनिटं, आणि प्लेटांच्या पिशवीचं तोंड सैल ठेवा, आम्ही एकदा घट्ट बांधलं तर वाफ आत गेलीच नाही आणि मधल्या प्लेटांतलं आगर (जंतू वाढवायची जेली) वितळलंसुद्धा नव्हतं, परत सगळं लावलं. हायपो स्वस्त, लाईट गेली तरी चालतं, पण आगरमध्ये खोल शिरत नाही आणि आपल्या उकाड्यात त्याची ताकद लवकर उतरते, रोज ताजं बनवा. कल्चर (वाढवलेले जंतू) सांडलं तर मात्र हायपोच, वर टिश्यू टाकून २० मिनिटं थांबा. आणि प्लीज, हायपो घातलेलं ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका, क्लोरीन सुटतो.