पहिल्या तीन गोळ्या

जुनं पिस्तूल विकत घेताना तीन गोळ्या बिनबोभाट सुटल्या आणि मी फसलो. त्यातली एक जरी अडकली असती तर वाचलो असतो.

पंधराएक वर्षं मी पॉइंट टू-टू, म्हणजे साधारण ०.२२ इंच बोअरच्या (नळीच्या व्यासाच्या) रायफलने नेमबाजी करतोय. त्यामुळे बंदुकीतलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता. पिस्तूल मात्र कधी विकत घेतलं नव्हतं. विकणाऱ्याने ते पाच मिनिटांत ताडलं असणार. मी नळीत डोकावून बघितलं, चाप किती जड आहे ते बघितलं, पकड हाताला बसते का ते बघितलं, आणि जे सगळ्यात आधी बघायचं त्या मॅगझीनला, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीला, हातही लावला नाही.

पिस्तूल त्याच टू-टू बोअरचं. तळहातात मावेल एवढं, काळं कुळकुळीत. "सर, जेमतेम पन्नास गोळ्या झाल्यात. आधीच्या मालकाने कपाटातून बाहेरच काढलं नाही कधी." किंमत ऐकून खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते. कागदपत्रं मात्र चोख होती, परवान्यावर रीतसर नोंद झाली, त्याबद्दल तक्रार नाही. हातात घेतलं तर चांगलं भरीव लागलं. "पूर्ण पोलादी आहे सर, हल्लीच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं नाही." मी मान डोलावली.

मग त्याने रेंजवर झाडून दाखवलं. स्वतःच्या खिशातून मॅगझीन काढलं, स्वतःच्या डबीतल्या तीन गोळ्या त्यात भरल्या, आणि ठाण, ठाण, ठाण. तीनही पुंगळ्या, म्हणजे गोळ्यांची रिकामी कवचं, उजवीकडे उडाल्या. त्या मॅगझीनच्या बुडाशी लाल रंगाचा बारीक ठिपका होता. तेव्हा वाटलं, कुणी हौसेने लावला असेल.

मला जे मॅगझीन मिळालं त्यावर ठिपका नव्हता. हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले.

पहिल्या रविवारी सहा गोळ्यांचं मॅगझीन पूर्ण भरलं. पहिली सुटली. दुसरीची पुंगळी बाहेर पडायच्या आत स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) मिटली आणि ती धुराड्यासारखी उभी अडकून बसली. काढली, पुढची चढवली, चाप ओढला, तर नुसती टिचकी. फुसका बार. अशा वेळी नळी लक्ष्याकडेच धरून तीसएक सेकंद थांबायचं असतं, कारण दारू कधी कधी उशिरा पेट घेते. थांबलो. काही झालं नाही. चौथी मॅगझीनमधून वरच येईना.

फोन केला. "सर, गोळ्या कुठल्या वापरल्यात? हलक्या असतील. आणि हे छोटं पिस्तूल आहे, मनगट ढिलं ठेवलंत तर अडणारच. रायफलवाल्यांचं असंच होतं सुरुवातीला."

या माणसाला मी नुसता खोटारडा म्हणत नाही, कारण तो जे बोलत होता त्यातलं प्रत्येक वाक्य अर्धं खरं होतं. अशा पिस्तुलात स्लाइडला अडवणारी कडी-कुलपासारखी यंत्रणा नसते. गोळी पुढे जाते तेव्हा पुंगळी मागे रेटली जाते, आणि तेवढ्या धक्क्यावर स्लाइडने स्प्रिंग दाबत मागे जायचं, रिकामी पुंगळी फेकायची, येताना नवी गोळी उचलायची. गोळी कमी ताकदीची असेल तर स्लाइड पुरती मागे जात नाही. मनगट धक्क्याबरोबर मागे गेलं तरी तेच. टू-टूच्या गोळीवर मेणाचं वंगण असतं, शिसं उघडं असतं, त्यामुळे मळही फार धरतो. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच त्याने मला बरोबर तिथेच पकडलं. ज्याला काहीच कळत नाही तो सरळ म्हणतो, "हे बिघडलंय, परत घ्या." मी दोन आठवडे स्वतःची पकड सुधारत बसलो आणि तीन प्रकारच्या गोळ्या विकत आणल्या.

शेवटी वही काढली. दहा वेळा मॅगझीन भरून ६० गोळ्या, प्रत्येक अडथळ्याची नोंद. एकूण १७ वेळा अडलं. ६ फुसके बार, ७ वेळा पुंगळी अडकली, ४ वेळा गोळी वर चढली नाही. ते सहा फुसके बार मी पुसून बाजूला ठेवले आणि नंतर माझ्या रायफलीत घातले. सहापैकी पाच पहिल्याच टिचकीला उडाले. म्हणजे गोळ्या खराब नव्हत्या. बहाणा संपला.

टू-टूच्या गोळीत पेट घेणारं रसायन मध्यभागी टोपीत नसतं, बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये फिरवून पसरलेलं असतं. ते सगळीकडे सारखं पसरेलच असं नाही, म्हणून चांगल्या पिस्तुलातही एखादा बार फुसका जातो. हे काडतूस १८८७ सालचं आहे आणि पिस्तुलाच्या मॅगझीनचा विचार करून ते कुणी बनवलेलं नव्हतं. रिम बाहेर आलेली असल्याने भरताना वरच्या गोळीची रिम खालचीच्या मागे गेली तर दोन्ही एकमेकींत अडकतात. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक-रचनाकाराने खिशातल्या पिस्तुलासाठी १९०५ साली पॉइंट टू-फाइव्हचं काडतूस आणलं. ताकदीने ते काही थोर नव्हे, पण टोपी मध्यभागी आणि रिम जवळपास नाहीच. ताकद वाढवण्याआधी त्याने गोळी दरवेळी चढेल आणि दरवेळी सुटेल, एवढंच बघितलं. हे मला आधी सुचलं असतं तर बोअर निवडतानाच दोनदा विचार केला असता.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या रेंजवर बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी पिस्तूल उघडायच्या आधी हत्यारांच्या पेटीतून एक चुंबक काढला आणि स्लाइडवर ठेवला. तो टपकन टेबलावर पडला.

"पोलाद म्हणाला होता?"

"हो."

"जस्त आहे."

जस्तात थोडं अॅल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम आणि तांबं घालून जो मिश्रधातू होतो त्याला झमॅक म्हणतात. चारशे अंशांच्या आतच तो वितळतो, म्हणून साच्यात ओतायला सोपा आणि स्वस्त. नळाच्या तोट्या, दाराच्या मुठी, खेळण्यातल्या गाड्या याच्याच असतात, आणि तिथे तो उत्तम चालतो. पिस्तुलात नळीच्या आत पोलादी नळकांडं बसवतात, बाकीचा सांगाडा आणि स्लाइड मात्र जस्ताची. जस्त पोलादापेक्षा कमजोर म्हणून भिंती जाड ठेवाव्या लागतात, आणि भिंती जाड म्हणून हातात वजन भरतं. ज्या वजनाला मी मजबुती समजलो ते कमजोरी झाकण्यासाठी होतं! या एका गोष्टीवर मी आजही चरफडतो.

मग काकांनी पिस्तूल खोललं. स्लाइडच्या आतल्या कोपऱ्यात केसासारखी रेघ होती, तिच्यावरून नवा काळा रंग फिरवलेला. रंग काढल्यावर भिंगाशिवायही दिसत होती. जोरदार गोळ्या झाडत राहिलं की जस्ताला अशा भेगा जातात. ५० गोळ्यांत अशी भेग पडेल, हे काकांना पटेना. स्प्रिंग नवी होती आणि गरजेपेक्षा कडक. बहुधा स्लाइड मागे आदळू नये म्हणून घातलेली. भेग लपते, पण साध्या गोळीने स्लाइड पुरती मागे जात नाही. म्हणजे विकणाऱ्याच्या डबीतल्या गोळ्या मुद्दाम जास्त ताकदीच्या होत्या.

फायरिंग पिनचं, म्हणजे चाप ओढल्यावर गोळीच्या बुडावर आपटणाऱ्या खिळीचं, टोक झिजलेलं होतं. अशा काही स्वस्त पिस्तुलांत पुंगळी बाहेर फेकायला वेगळा इजेक्टर नसतोच. स्लाइड मागे गेली की फायरिंग पिनचंच टोक पुढे डोकावतं आणि पुंगळीला ढकलतं. एकाच टोकावर दोन कामं. ते झिजलं की गोळी पेटतही नाही आणि पुंगळी निघतही नाही. माझ्या वहीतल्या सतरापैकी तेरा अडथळ्यांचा हिशेब इथेच लागला.

उरलेले चार मॅगझीनचे. वरच्या गोळीला धरून ठेवणारे दोन ओठ पक्कडीने वाकवल्याच्या खुणा होत्या, त्यामुळे गोळीचं नाक खाली झुकायचं. काकांनी विचारलं, "दाखवताना हेच मॅगझीन होतं का?" आणि तेव्हा मला तो लाल ठिपका आठवला.

काका बोलता बोलता म्हणाले की ही जात जुनी आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने बाहेरून येणारी स्वस्त छोटी पिस्तुलं अडवली. ती बंदी आयातीवर होती, घरच्या उत्पादनावर नाही. लगेच १९७० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्नियात जॉर्ज जेनिंग्ज यांच्या रेव्हन आर्म्सने जस्ताचं पॉइंट टू-फाइव्ह काढलं, आणि त्यांच्या गोतावळ्यातून तशाच कंपन्यांची रांग उभी राहिली. त्यातल्या ब्रायको नावाच्या कंपनीवरचा खटला पुष्कळ गाजला. तिच्या एका पिस्तुलात सेफ्टी (चुकून बार उडू नये म्हणून असलेली कळ) लावलेली असताना स्लाइड मागे घेताच येत नव्हती, म्हणजे रिकामं करायचं तर आधी सेफ्टी काढायची. १९९४ साली कुणीतरी ते रिकामं करायला गेलं आणि गोळी सुटून सात वर्षांचा मुलगा कायमचा अपंग झाला. २००३ मध्ये ज्यूरीने कंपनीलाही जबाबदार धरलं आणि कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

मी घरी येऊन आधी माझं पिस्तूल रिकामं कसं होतं ते तपासलं. सेफ्टी काढूनच. शिवाय पिनला अडवणारी कळ आत नाही, म्हणजे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते तिथे) गोळी असताना हातातून पडलं तर बार उडू शकतो. हे मी तीन आठवडे "अडीअडचणीला" म्हणून भरून उशाशी ठेवत होतो. अडचण आली असती तर एक गोळी सुटली असती, आणि अडचण नसताना कदाचित तीही.

पैसे परत मागितले. आधी "बघतो सर", मग "व्यवहार झाल्यावर असं नसतं सर", मग फोन उचलणं बंद. तीन गोळ्या माझ्या डोळ्यांसमोर सुटल्या होत्या आणि "चालू स्थितीत मिळालं" या ओळीखाली माझी सही होती. पोलादाचं तोंडी, पन्नास गोळ्यांचं तोंडी, मॅगझीन बदलल्याचा साक्षीदार मी एकटा. वर परवान्यावर नोंद असल्याने ते भंगारातही टाकता येत नाही. सध्या पिन काढून कुलपात आहे.

कुणी स्वस्तात दाखवत असेल तर चुंबक बरोबर न्या. तो चिकटला नाही म्हणजे जस्तच असं नाही, अॅल्युमिनियमलाही तो चिकटत नाही, पण "पूर्ण पोलादी" हे खोटं तिथल्या तिथे उघडं पडतं. गोळ्या आपल्या न्या, साध्या ताकदीच्या. जे मॅगझीन मिळणार आहे तेच भरायला लावा, आणि पूर्ण भरायला लावा, कारण तीन गोळ्या असताना वाकड्या ओठांवर आणि मॅगझीनच्या स्प्रिंगवर फारसा ताण येत नाही. निदान पन्नास झाडल्याशिवाय सही करू नका. नवा रंग दिसला तर आधी रंगाखाली काय आहे ते विचारा. आणि कागदावर "चालू स्थितीत" च्या पुढे किती गोळ्या झाडून बघितल्या तो आकडा लिहून घ्या. विकणारा कचरला तर निघून या.

गेल्या महिन्यात तो मला पुन्हा रेंजवर दिसला. बरोबर एक तरुण मुलगा, समोर टेबलावर तसंच काळं पिस्तूल. ठाण, ठाण, ठाण. मुलाचा चेहरा खुलला. मी दोन लेन सोडून उभा होतो. जवळ गेलो, खिशातून माझ्या गोळ्यांची डबी काढून टेबलावर ठेवली आणि त्या मुलाला म्हटलं, "ह्या घे. पूर्ण भरून झाडायला सांग. पण ते लाल ठिपक्याचं नाही, तुला जे देणार आहेत ते मॅगझीन."

विकणाऱ्याने घड्याळ बघितलं. "सर, आज जरा घाई आहे," म्हणाला, आणि पिस्तूल पेटीत ठेवायला लागला.