ब्लूई: द अल्बम – गाडीत लावायला भारी, पण शो बघितला नसेल तर जरा थांबा

लहान मुलांच्या कार्टूनचा अल्बम म्हटलं की माझ्या डोक्यात येतो कीबोर्डचा रेडीमेड ठोका, वरती चिरक्या आवाजात एबीसीडी आणि तेच तेच तासभर. यूट्यूबवर तर नुसता सुळसुळाट आहे असल्या मालाचा. ब्लूईचा अल्बम त्यातला नाहीये, म्हणून एवढं टाइप करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्लूई म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधल्या एका कुत्र्यांच्या फॅमिलीचं कार्टून, आईबाबा आणि ब्लूई-बिंगो या दोन बहिणी, २०१८ पासून चालू आहे, एकेक एपिसोड जेमतेम सात मिनिटांचा. संगीत जोफ बुशचं. हा पहिला अल्बम जानेवारी २०२१ मध्ये आला आणि तिकडच्या एरिया (ARIA, ऑस्ट्रेलियातल्या म्युझिक कंपन्यांची संघटना) चार्टवर थेट एक नंबरला गेला, लहान मुलांच्या अल्बमला ते तिथे पहिल्यांदाच जमलं, आणि त्याच वर्षी मुलांच्या अल्बमचं एरिया अवॉर्डपण घेऊन गेला.

टायटल ट्यून आपल्या स्टॅच्यूसारख्या खेळावर बेतलीय, म्युझिक थांबलं की सगळ्यांनी जागच्या जागी थिजायचं. इथे तिचं लांबवलेलं व्हर्जन आहे. ते तोंडाने फुंकून वाजवायचं छोटं कीबोर्ड असतं ना, मेलोडिका, त्याचा तो किंचित खरखरीत आवाज कानात बसला की दिवसभर जात नाही. गाडीत लावणार असाल तर एक सूचना, ट्यून मध्येच थांबते तेव्हा ब्लूटूथ गेलं समजून फोनकडे हात नेऊ नका, पुण्यातल्या चांदणी चौकात तर अजिबातच नको, तिथे आधीच कुठला रॅम्प कुठे जातो हे कळेपर्यंत माणूस बावधनला पोचलेला असतो.

मला स्वतःला सगळ्यात आवडलं ते ओढ्याच्या एपिसोडचं म्युझिक, क्रीक इज ब्यूटिफुल. काही घडत नाही त्यात, घाई नाही, धून हळूहळू उलगडत जाते आणि पोरांना पाण्यात पाय सोडून बसल्यावर जे वाटत असेल ते वाटतं. शब्द असलेलं पण आहे पुढे, ते चांगलंय, पण मला बिनशब्दांचंच जास्त पटलं. कीपी अपीचं म्युझिक फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही या खेळाचं, ते ऐकून आमची पोरगी मागच्या सीटवर सीटबेल्टमध्ये अडकलेली असतानापण हात वर करून काल्पनिक फुगा उडवत असते. आज्यांचं गाणं लागलं की मात्र आमच्या घरच्या खऱ्या आजीलापण नाचावं लागतं, सुटका नाही, गुडघे वगैरे कारणं चालत नाहीत.

खरं कौतुक याचं आहे की ही मंडळी मुलांसाठी करायचंय म्हणून हात आखडता घेत नाहीत. शोमध्ये तर मोझार्ट येतो, सायकलच्या एपिसोडमध्ये बेथोव्हेनचं ओड टू जॉय येतं, झोपेच्या एपिसोडमध्ये होल्स्टचं ज्युपिटर येतं आणि आईबाप डोळे पुसत बसतात. आपल्याकडे नाच रे मोरा अजून गॅदरिंगला का वाजतं, १९५३ चं गाणं आहे ते, कारण लिहायला गदिमा आणि चाल लावायला पुलं बसले होते. तशी मेहनत आता आपल्या मराठी मुलांच्या चॅनलवाल्यांनी घ्यायला काय हरकत आहे, असो, तो वेगळा विषय.

आता तक्रारी. बरेचसे ट्रॅक फार छोटे आहेत, रंगात येतात आणि संपतात, सिग्नल सुटायच्या आत पुढचं चालू. फुकटवाल्या अ‍ॅपवर ऐकलं तर मध्येच लोनची जाहिरात किंचाळते आणि सगळा मूड जातो, ऑफलाइन डाउनलोड करता येत असेल तर तसंच करा. दुसरं म्हणजे वाद्यसंगीत भरपूर आहे, त्यामुळे ज्या पोरांना सोबत गायला शब्दच लागतात ती कंटाळतात. आणि शो अजिबात बघितला नसेल तर निम्मी मजा जाते, माझ्या मित्राच्या पोराला लावून दिलं तर त्याने दोन ट्रॅकनंतर सरळ गणपतीचं डीजे गाणं मागितलं. त्याची काही चूक नाही.

शब्दवाली गाणी हवी असतील तर २०२३ चा दुसरा अल्बम डान्स मोड घ्या, त्यातलं पावसाचं गाणं जुलैमधल्या पुण्यात खिडकी उघडी ठेवून ऐकण्यासारखं आहे. पहिला अल्बम सकाळी शाळेच्या गडबडीत किंवा गाडीत. रात्री झोपवायला म्हणून लावायचा असेल तर टायटल ट्यून आधी लिस्टमधून उडवा, नाहीतर पोर गादीवर उभं राहून स्टॅच्यू खेळत बसतं आणि अकरा वाजतात.