पेन सेंट्रल की वळिवडे? अडचणीच्या काळातली रेल्वे घरात उभी करायची तर कोणती

खोली मोकळी झाली, प्लायवुडचं मापही घेऊन झालं, आणि आता कोणती रेल्वे आणि कोणतं साल यावर गाडी अडली आहे, अशा कोल्हापूरकरांसाठी हे लिहितोय. मॉडेल रेल्वेचा नाद लागलेल्यांना भरभराटीच्या काळापेक्षा ओढाताणीचा काळ जास्त खुणावतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय. मलाही तोच खुणावतो. रेल्वे सुरळीत चालते तेव्हा ती कशी चालते हे कुणाला दिसत नाही. ओढाताण सुरू झाली की मालगाडी कुणाचं पोट भरते, प्रवासी गाडी कुणाच्या जिवावर चालते, सांधेवाल्याचं काम किती मोलाचं, हे सगळं उघड्यावर येतं.

पण ओढाताण दोन तऱ्हांची असते. एकीत रेल्वेच आतून खचते. दुसरीत बाहेरचं जग कोसळतं आणि त्याचा भार रेल्वेवर येऊन पडतो. निवड करताना आधी हे ठरवा, मग इंजिनांचे कॅटलॉग चाळा. पहिल्या तऱ्हेचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे १९७० च्या दशकातली ईशान्य अमेरिका. दुसऱ्या तऱ्हेचं आपल्या दारात आहे: १९४३ ते १९४८ चं वळिवडे स्टेशन.

आधी अमेरिका. पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रल या एकमेकींच्या कट्टर स्पर्धक कंपन्या १ फेब्रुवारी १९६८ ला एक झाल्या आणि पेन सेंट्रल जन्माला आली. २१ जून १९७० ला तिनं दिवाळखोरी जाहीर केली. तोवरच्या अमेरिकी उद्योगातली ती सर्वांत मोठी दिवाळखोरी होती. कारणं बरीच आधीपासून साचत आलेली. सरकारी पैशानं महामार्ग बांधले गेले आणि माल ट्रककडे वळला. १९६७ मध्ये टपाल खात्यानं टपालाचे डबे काढून घेतले आणि प्रवासी गाड्यांचा उरलासुरला आधार गेला. भाडं ठरवायला आणि तोट्यातली गाडी बंद करायलाही सरकारी आयोगाची परवानगी लागे. त्यात एक झालेल्या दोन्ही कंपन्यांच्या संगणकांचा मेळ बसेना, वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, यार्डांत हरवू लागल्या. रुळांची देखभाल इतकी मागे पडली की कित्येक ठिकाणी ताशी दहा मैलांची मर्यादा आली आणि उभ्या वाघिणीही रुळावरून घसरू लागल्या.

१ मे १९७१ ला प्रवासी गाड्या चालवणारी सरकारी कंपनी अ‍ॅमट्रॅक सुरू झाली. प्रवासी वाहतूक मालवाहू कंपन्यांच्या गळ्यातून निघाली, पण आदल्या दिवसापर्यंत धावणाऱ्या प्रवासी गाड्यांपैकी जवळपास निम्म्या त्या एका रात्रीत इतिहासजमा झाल्या. जून १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरानं एरी लॅकावाना कंपनीला बुडवलं. शेवटी १ एप्रिल १९७६ ला सरकारनं पेन सेंट्रल, एरी लॅकावाना, लीहाय व्हॅली, रेडिंग, सेंट्रल ऑफ न्यू जर्सी आणि लीहाय अँड हडसन रिव्हर या सहा मोडक्या रेल्वे एकत्र करून कॉनरेल उभी केली. १९८० च्या स्टॅगर्स कायद्यानं भाड्यावरची बंधनं सैल झाली आणि १९८१ पासून कॉनरेल नफ्यात आली.

मॉडेल करणाऱ्याला या काळानं जे दिलं ते दुसऱ्या कुठल्याच काळानं दिलेलं नाही. कॉनरेलच्या पहिल्या वर्षांत सहा कंपन्यांची इंजिनं आपापल्या जुन्या रंगात, नावावर नुसता एक पट्टा मारून धावत होती. अ‍ॅमट्रॅकच्या सुरुवातीच्या गाड्यांत एका डब्याचा रंग दुसऱ्याला जुळत नसे. त्यामुळे तुमच्या संग्रहात रंगांचा मेळ बसत नसेल तरी या काळात तो इतिहासाला धरूनच असतो. थोड्या पैशांत, हळूहळू, मिळेल ते जमवणाऱ्याला ही फार मोठी सोय आहे.

जुनाट रंग साधण्याची एक रीत सांगतो, कारण पेन सेंट्रलचा सगळा जीव त्या काळ्या रंगात आहे. इंजिनाला आधी पेनसिल्व्हेनियाचा काळपट हिरवा द्या आणि बाजूला जुनं नाव बारीक अक्षरांत उठवा. पूर्ण वाळू द्या. त्यावर काळ्या मॅट रंगाचा एकच पातळ हात. तो पुरता सुकायच्या आत कान साफ करायच्या कापसाच्या काडीला किंचित थिनर लावून नावाच्या जागी वरून खाली, एकाच दिशेनं पुसा. गोल फिरवलंत तर डाग पडतो. वरून खाली ओढलंत तर पावसानं धुतल्यासारखं जुनं नाव काळ्यातून डोकावतं. दिवाळखोर कंपनीकडे नीट रंगवायलाही पैसे नव्हते, हे त्या एका इंजिनावर वाचता येतं.

आता वळिवडे. मिरज-कोल्हापूर मीटरगेज (दोन रुळांत एक मीटर अंतर) लाईन कोल्हापूर संस्थाननं बांधली. १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. चालवायला दिली होती सदर्न मराठा रेल्वेकडे, तीच पुढे मद्रास अँड सदर्न मराठा झाली. लांबी पन्नास किलोमीटरच्या आतली, मार्ग एकेरी, आणि कोल्हापूरला रूळ संपतात. १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेतला गूळ याच लाईननं बाहेर जाई. मीटरगेजची वाघीण ब्रॉडगेजवर जात नाही, म्हणून मुंबईकडचा माल पुण्यात एका वाघिणीतून दुसरीत हमालांच्या पाठीवरून हलवावा लागे.

अशा या लहानशा लाईनवर दुसऱ्या महायुद्धानं काय आणून टाकलं बघा. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेनं घरातून उचलून सैबेरियाकडे नेलेली पोलिश कुटुंबं इराणमार्गे हिंदुस्थानात आली. त्यांतल्या सुमारे पाच हजारांसाठी १९४३ पासून वळिवड्याला छावणी उभी राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. बराकी, शाळा, चर्च, दुकानं, नाटकाचा रंगमंच, असं एक आख्खं पोलिश गाव करवीरच्या मातीत वसलं. १९४८ पर्यंत ती मंडळी निघून गेली आणि फाळणीत घरदार गमावलेले सिंधी त्याच बराकींत आले. आजचं गांधीनगर ते हेच. पाच वर्षांत एकाच लहान स्टेशनाच्या फलाटानं जगाच्या दोन टोकांची निर्वासित माणसं पाहिली. याच दरम्यान, १९४४ मध्ये, लाईन चालवणारी मद्रास अँड सदर्न मराठा कंपनीसुद्धा सरकारच्या ताब्यात गेली.

पेन सेंट्रलवर गाड्या कमी आणि गवत जास्त. इथं उलट. युद्धकाळात रेल्वेकडे माल, माणसं, सैन्य सगळंच वाढलेलं आणि इंजिनं, वाघिणी, सुटे भाग अपुरे. म्हणून दोन्ही मांडण्यांचा खेळ वेगळा होतो. अमेरिकेच्या मांडणीत तुम्ही गाडी हळू चालवता, यार्डात हरवलेली वाघीण शोधता, बंद कारखान्याच्या सायडिंगवरून रिकामे डबे काढता. बघायला आलेल्या माणसालाही मजा येते, कारण रंग खूप. वळिवड्याच्या मांडणीत रंग मोजके, पण डोकं सतत चालू राहतं. एकच रूळ, स्टेशनात एक लूप, म्हणजे गाड्या एकमेकींना ओलांडायचा बाजूचा रूळ, आणि एक मालधक्का. समोरून गाडी येणार, टोकन (एकेरी रुळावर जायची परवानगी) मिळाल्याशिवाय आपली निघणार नाही, आणि तोवर मिश्र गाडीच्या दोन वाघिणी धक्क्याला लावून द्यायच्या आहेत. प्रवासी डबे आणि मालाच्या वाघिणी एकाच इंजिनामागे असल्यानं माल उतरेपर्यंत प्रवासी ताटकळतात. माल आणि प्रवासी यांचं नातं मला इथंच सर्वांत स्वच्छ दिसतं. अमेरिकेत १९७१ नंतर ते तुटलंच.

सामानाच्या बाबतीत मात्र अमेरिका कितीतरी पुढे आहे. एचओ म्हणजे १:८७ आणि एन म्हणजे १:१६०, या दोन्ही मापांत त्या काळची इंजिनं, डबे, वाघिणी तयार मिळतात. परदेशातून मागवायची म्हणजे कस्टम आणि कुरिअरचा खर्च जोडायचा, आणि एखादा गिअर तुटला तर महिनोन्‌महिने थांबायची तयारी ठेवायची. लांबीचाही विचार करा. अमेरिकेचा पंच्याऐंशी फुटी प्रवासी डबा एचओमध्ये जवळपास तीस सेंटिमीटर होतो. आठ बाय चारच्या शीटवरच्या वळणात तो अवघडतो. छोटी खोली असेल तर अमेरिका एनमध्येच करा.

वळिवड्यासाठी तयार काही मिळत नाही, असंच धरून चाला. १:८७ मध्ये मीटरगेजचे रूळ साडेअकरा मिलिमीटर येतात, म्हणजे १२ मिलिमीटरचा रूळ चालतो. तो बाहेर मिळतो, आणि त्यावर चालणारी यंत्रणाही मिळते. वरचं इंजिन, डबे, वाघिणी मात्र स्वतः करायच्या. इथं कोल्हापूरकराचं पारडं जड होतं. उद्यमनगरात पॅटर्न करणारे, ओतकाम करणारे, लेथवर सूतभरही चूक होऊ न देणारे कारागीर आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगावला सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं आहेत, शहरात थ्रीडी प्रिंटिंग करून देणारे आहेत. इंजिनाचा सांगाडा पितळेत ओतून घ्यायचा तर दुसऱ्या शहरातल्या हौशी माणसाला जग पालथं घालावं लागतं, आपल्याला रिक्षानं जाता येतं. जागाही कमी लागते. चारचाकी वाघीण तळहातावर मावते. भिंतीलगत दीड फूट रुंद आणि बारा फूट लांब फळी असेल तर वळिवडे स्टेशन आणि एका टोकाला रुकडीच्या बाजूचा पंचगंगेचा पूल दोन्ही बसतात.

गुळाचं एक सांगायलाच हवं. तीस किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, १:८७ मध्ये जेमतेम चार मिलिमीटरचा होतो. एम-सीलची सारखी वळी करून तुकडे कापायचे, ओले असतानाच टोकाकडे किंचित निमुळते दाबायचे आणि सुकल्यावर पिवळट तांबूस रंगाच्या तीन छटा द्यायच्या. सगळे एकाच रंगाचे केलेत तर विटा वाटतात. गुऱ्हाळागणिक गुळाचा रंग बदलतो हे आपल्याला ठाऊक आहे, बाहेरच्या माणसाला नाही. धक्क्यावर रव्यांची थप्पी लागली की हे स्टेशन करवीरचं आहे, वेगळी पाटी लावायची गरज उरत नाही.

एक खबरदारी. युद्धकाळात अमेरिकेहून आलेली मीटरगेजची ‘मॅकआर्थर’ इंजिनं मॉडेल म्हणून मोहात पाडतात. ती प्रामुख्यानं आसाम-बंगालच्या आघाडीसाठी होती. पुरावा हाती लागेपर्यंत वळिवड्याला लावू नका. वायपी, वायजी ही मीटरगेजची ओळखीची वाफेची इंजिनंही स्वातंत्र्यानंतरची आहेत. ती हवी असतील तर साल पुढे न्या.

साल पुढे न्यायचंच तर १९७१ च्या आसपासचं मिरज आहे. पुण्याहून ब्रॉडगेज आलेली, बेळगावकडे मीटरगेज, कुर्डुवाडीकडे बार्शी लाईटची नॅरोगेज. तीन गेज एका यार्डात. माझ्या मते आपल्या भागातला हा सर्वांत श्रीमंत विषय आहे आणि पहिल्या मांडणीसाठी सर्वांत वाईट. तीन मापांचे रूळ आणि सांधे जुळवताना हुरूप संपतो. मे १९७४ च्या रेल्वे संपाचा काळ काहीजण सुचवतात. इतिहास म्हणून तो थोर आहे, सतरा लाख कामगार उतरले होते, पण गाड्या थांबलेल्या असताना मांडणीवर चालवणार काय?

ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर शाखा बंद पडत गेल्या, ऑगस्ट १९६८ मध्ये वाफेची इंजिनं संपली, तोही पर्याय आहे. मॉडेलचं तयार सामान मुबलक, छोटी स्टेशनं सुंदर. पण जगभरातल्या हजारो खोल्यांत तेच स्टेशन उभं आहे.

कोल्हापूरच्या पावसाळ्याचा हिशेब दोन्हीकडे सारखाच. साधं प्लाय फुगतं, पाणी सोसणारं घ्या आणि कडाही रंगवा. पितळी रूळ जून-जुलैत काळवंडतात आणि इंजिन अडखळतं, निकेल सिल्व्हरचे घ्या.

तर निवड अशी. हाताला अजून सवय नसेल, घरात मुलं असतील आणि दिवाळीपर्यंत काहीतरी फिरताना बघायचं असेल, तर एनमध्ये १९७६ ची कॉनरेल घ्या. त्यात कमीपणा काही नाही, त्या काळाची हुरहुर मनापासून लागते. हात बसलेला असेल, किंवा आठवड्याला दोन संध्याकाळी देऊन दोन-तीन वर्षं थांबायची तयारी असेल, तर वळिवडेच करा. माझा कौल तिकडे आहे आणि त्याला घाईचं कारण आहे. पेन सेंट्रलचे रंगीत फोटो ढिगानं आहेत, ते दहा वर्षांनीही असतील. पोलिश मंडळींनी छावणीच्या आठवणी आणि फोटो जपलेत, पण त्यांचा भर माणसांवर आणि बराकींवर. स्टेशनाची माहिती आपल्याच लोकांकडे आहे, आणि १९४३ ला दहा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या पुढे आहे.

म्हणून फळी कापायच्या आधी वळिवडे, गांधीनगर, रुकडी, हातकणंगले इथल्या जुन्या घरांत जाऊन बसा. विचारा: मालधक्का रुळाच्या कुठल्या बाजूला होता? इंजिन पाणी कुठं घ्यायचं? डब्यांचा रंग कोणता होता? स्टेशनातून छावणीकडे जाणारी वाट कुठून होती, आणि सामान बैलगाडीतून जायचं की डोक्यावरून? प्रत्येक उत्तरापुढे सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय लिहून ठेवा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर तिसऱ्याला विचारा आणि मगच सांधा कुठं बसवायचा ते ठरवा.