मनाचं अ‍ॅप वर्षभर वापरलं. 'सेव्ह'नं मात्र डोकं फिरवलं

परवा रात्री साडेअकराला मेसेज आला, मनाच्या आरोग्याच्या अ‍ॅपचे पुढच्या वर्षाचे १,४९९ रुपये कापले. ऑटोपे. कापायच्या आदल्या दिवशी सूचना आली होती म्हणे, ती रिचार्ज, लोन आणि साड्यांच्या सेलमध्ये गाडली गेली. चूक माझीच. पण पैसे गेलेच आहेत तर वर्षभराचं सगळं लिहून तरी टाकतो. नाव लिहीत नाही, रिफंडचं भांडण अजून चालू आहे.

आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीत, खालच्या गल्लीत. २०१९ ला पाणी आत, २०२१ ला परत आत. तेव्हापासून जून लागला की माझा एकच उद्योग, मोबाईलवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. रात्री दोनला, अडीचला, तीनला. छातीत धडधडायचं म्हणून ईसीजी काढला, तो नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काउन्सेलरला भेटा. एका बैठकीची फी ऐकली आणि घरी येऊन अ‍ॅप टाकलं. खरं कारण एवढंच.

सुरुवातीला पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली भरून घेतात. गेल्या दोन आठवड्यांतले नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. माझे आले १४. कोल्हापूरकराला कळेल असं सांगायचं तर बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, तसं इथं १० ला इशारा धरायचा. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तिथं शून्य सोडून काहीही टाकलं की बाकी सगळं थांबतं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर समोर येतो. ऑगस्टमध्ये एका रात्री मी तिथं 'काही दिवस' टाकलं. फोन लावला. पलीकडं मराठीत बोलले, घाई केली नाही, पैसे लागले नाहीत. सकाळी बायकोला सांगितलं, त्याच आठवड्यात मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवलं, गोळी सुरू झाली. त्यामुळं पुढं माझा आकडा ७ वर आला, त्यात गोळीचं किती आणि अ‍ॅपचं किती हे मला वेगळं काढता येत नाही.

आता मुख्य दुखणं. या अ‍ॅपचा जीव 'विचारनोंदी'त आहे. पद्धत जुनी, १९६० च्या दशकात अमेरिकेत एरन बेक या मानसोपचारतज्ज्ञानं बसवलेली. मनात आपोआप उगवलेला विचार लिहायचा, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा, मग दुसरा विचार. अ‍ॅपमधलं उदाहरण काय, तर 'बॉसनं मेलला उत्तर दिलं नाही'. आमचं उद्यमनगरात लेथचं शॉप, मीच बॉस. तरी नेटानं लिहिलं. विचार : पाणी ३९ वर गेलं म्हणजे घर गेलं. विरुद्ध पुरावा : मागं किती वेळा ३९ ओलांडून पाणी कोपऱ्यापर्यंतसुद्धा आलं नाही. एका बोटानं टाईप करत अर्धा तास. तेवढ्यात गिऱ्हाईकाचा फोन आला, बोलून परत आलो तर पान कोरं!

कच्चं लिखाण आपोआप साठवायची सोयच नाही. साधी नोट लिहायच्या फुकट अ‍ॅपमध्ये असते ती गोष्ट पंधराशेच्या अ‍ॅपमध्ये नाही. आणि घाबरलेल्या माणसाला घाबरण्यावरच लिहायला लावून वर ते पुसायचं? वर्षात अकरा वेळा पुसलं गेलं, मी मोजलंय. तक्रार केली, उत्तर आलं : 'तुमची अस्वस्थता आम्ही समजू शकतो, हा श्वासाचा व्यायाम करून पाहा.' सोबत लिंक.

तेव्हाच एक तारा देऊन डिलीट करणार होतो. पण पोरीची चाळीस रुपयांची वही होती, त्यात रकाने आखले आणि तसंच लिहायला लागलो. आणि खरं सांगू, वहीत जास्त उतरतं. मग अ‍ॅप कशाला ठेवलं? 'चिंतेच्या वेळे'साठी. दिवसभर आलेली काळजी नुसती टिपून ठेवायची आणि ठरलेल्या पंधरा मिनिटांतच करायची. आधी हसलो. पण ही गोष्ट लई भारी निघाली. त्या वेळेत काळजीचे दोन ढीग करायचे, आपल्या हातातल्या आणि हाताबाहेरच्या. धान्याचे डबे माळ्यावर चढवणं हातात आहे. राधानगरी धरणाचे दरवाजे कधी उघडतील, ते नाही. डबे मे महिन्यातच चढवले. पहिल्यांदाच.

एकट्यानं रेटायचं असेल तर मात्र जपून. सोबत विचारणारं माणूस असलं की अशा कार्यक्रमांचा गुण जास्त येतो, नुसत्या अ‍ॅपवर सोडलं तर बरेच जण मध्येच सोडतात, असं अभ्यासही सांगतात. मीसुद्धा तिसऱ्या आठवड्यात सोडलंच होतं, बायकोनं टोकलं म्हणून परत धरलं.

ऑटोपे आता बंद केलाय. तुम्ही घेणार असाल तर पैसे भरल्या दिवशीच बंद करा. रिफंड नाहीच आला तर पैसे भरलेत म्हणून पुढच्या जुलैपर्यंत वापरणार, सोडतो होय! माझी वेळ संध्याकाळी साडेसहाची. काल चहा ठेवत ही म्हणाली, "झाली का तुमची चिंता? पातळी सदतीसवर आहे, मी बघितली. तुम्ही बघू नका."

बघितलीच. पण एकदाच.