दुधी काचेची दारं : चौदा महिने वापरल्यानंतर

आमच्या पुण्यातल्या सहकारनगरच्या फ्लॅटमधल्या पॅसेजमध्ये भर दुपारी बारा वाजताही ट्यूबलाइट लावावी लागायची. इमारत १९८९ची. पुढे हॉल, मागे स्वयंपाकघर आणि खोल्या, आणि या सगळ्यांना जोडणारा साडेअकरा फुटांचा, एकही खिडकी नसलेला बोळ. त्यात पाच दारं उघडतात. पाचही तपकिरी सनमायकाची. ती बंद असली की बोळात काळोखच. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्या भिंतीला हात लावत बाथरूमपर्यंत जायच्या. भिंतीवर कमरेच्या उंचीला त्यांच्या तळव्याचा एक काळपट पट्टा उमटला होता, पार टोकापर्यंत. रंगकाम काढायचं ठरलं तेव्हा तो पट्टा पाहून मी म्हटलं, रंग नंतर, आधी दारांचं बघू.

साध्या पारदर्शक काचेचा विचार पहिल्या दिवशीच बाद केला. दृष्टी कमी असलेल्या माणसाला ती काच दिसतच नाही, दार उघडं आहे असं समजून ते सरळ चालत जातात. दुधी काच मात्र दिसते. पांढरा पडदा लावल्यासारखी समोर उभी असते आणि उजेडही आत सोडते. आमच्या घराला नेमकं तेच हवं होतं.

मग दोन शनिवार काचेच्या दुकानांत घालवले. दुकानात ‘फ्रॉस्टेड द्या’ म्हटलं की तीन वेगवेगळ्या वस्तू समोर येतात आणि तिन्हींना एकच नाव असतं. एक म्हणजे साध्या काचेवर चिकटवलेली फिल्म. दुसरी सँडब्लास्ट, म्हणजे जोराच्या हवेनं वाळूसारखे कण मारून काच खरबरीत केलेली. तिसरी अॅसिड एच्ड, आम्लानं पृष्ठभाग एकसारखा कोरलेली. लांबून तिन्ही सारख्याच दिसतात. फरक कळतो हात फिरवल्यावर. सँडब्लास्टवर नख फिरवलं की करकर आवाज येतो, एच्ड काच रेशमासारखी लागते.

भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला एका दुकानात तिन्हींचे सहा-सहा इंचांचे नमुने मिळाले. मी पर्समध्ये खोबरेल तेलाची छोटी बाटली नेली होती. दुकानदार काकांना विचारून प्रत्येक नमुन्यावर तेलाचं एकेक बोट उमटवलं आणि ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. सँडब्लास्टवरचा डाग पुसला की पसरायचा. त्याच्या बारीक खड्ड्यांत तेल जाऊन बसतं आणि तिथे काच काळपट, ओली दिसत राहते. एच्ड काचेवरचा दुसऱ्या पुसण्यात गेला. काका म्हणाले, “ताई, स्वयंपाकघरासाठी घेताय ना? मग सँडब्लास्ट मी स्वतःच देणार नाही तुम्हाला. हळदीचा हात लागला की परत येऊन माझ्याशी भांडाल.” त्यांनी महाग वस्तू विकली हे खरं, पण चौदा महिन्यांनी सांगते, त्यांचं म्हणणं खरं होतं.

नमुने घरी आणून आणखी एक गोष्ट तपासली, आणि हे प्रत्येकानं करावं असं मला मनापासून वाटतं. मुलगी काचेच्या मागे हात धरून उभी राहिली. तळवा काचेला टेकलेला असताना पाचही बोटं मोजता येत होती. हात वीतभर मागे नेला तशी बोटं एकमेकांत मिसळली. दोन फुटांवर नुसता कुडत्याचा रंग उरला. दिवसा-रात्रीचाही फरक आहे. ज्या बाजूला दिवा, त्या बाजूचा माणूस पलीकडून सावलीसारखा दिसतो. म्हणजे जिथे दाराला लागून उभं राहून कपडे बदलतात तिथे पूर्ण दुधी काच नको. हे कुठल्याही दुकानात कोणी सांगितलं नाही, ते आम्हांला त्या सहा इंचांच्या तुकड्यानं सांगितलं.

यावरून दारांची वाटणी झाली. स्वयंपाकघर, मुलीची अभ्यासाची खोली आणि हॉलकडून पॅसेजमध्ये येणारं दार, ही तीन उंच काचेची. बाथरूमला फक्त वरच्या भागात, डोक्याच्या उंचीवर, सव्वा फूट काच. सासूबाईंच्या खोलीला मात्र त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, “मला आडोसा लागतो. तुम्ही उजेडात राहा, माझं दार लाकडी राहू दे.” मी एकदाच विचारलं, पुन्हा नाही. ज्या दाराआड माणूस झोपतो, त्याचा निर्णय त्यानेच करायचा.

आता बिनचौकटीच्या काचेबद्दल. हल्ली सगळीकडे दिसतं तसं, खाली-वर स्टीलच्या पट्ट्या आणि मध्ये अखंड काच. मलाही ते फार आवडलं होतं. पण काचेचा हिशोब सोपा आहे : एक चौरस मीटर काच, जाडी एक मिलिमीटर, तर वजन अडीच किलो. आमच्या पावणेसात फूट बाय पावणेतीन फुटांच्या दाराला १० मि.मी. काच लावली तर एकच पल्ला ४३ किलोंचा. त्याला फ्लोअर स्प्रिंग, म्हणजे दाराचं वजन पेलणारी जमिनीतली स्प्रिंग हवी, त्यासाठी लादी फोडून खड्डा. दुसऱ्या मजल्यावर, पस्तीस वर्षांच्या स्लॅबवर ते करायला मन धजेना. उलट सागवानी चौकटीच्या पल्ल्यात ५ मि.मी. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली काच पुरते. दोन फूट बाय साडेपाच फुटांच्या काचेचं वजन जवळजवळ १३ किलो. जाड पितळी बिजागऱ्या चार लावल्या की काम झालं.

पण लाकडी पल्ला घेण्याचं खरं कारण आमच्या सुतारकाकांनी दाखवलं. त्यांनी आधी ओळंबा सोडला : स्वयंपाकघराची चौकट वरून दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) झुकलेली. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घेतली, त्यात तीन सुतांचा फरक. म्हणजे चौकट काटकोनात नाहीच. ते म्हणाले, “जुन्या घराची चौकट अशीच असते ताई. लाकडाला मी रंधा मारीन, काचेला कोण मारणार?” टफन काच भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटक्यात थंड करतात. त्यानंतर ती कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, कड घासून अर्धा सूतही कमी करता येत नाही. काकांनी पल्ल्याची बाहेरची कड वाकड्या चौकटीप्रमाणे तासली, पण आतली काचेची खाच गुण्या लावून नेमकी काटकोनात ठेवली. काच खाचेपेक्षा चारी बाजूंनी ३ मि.मी. लहान, खाली रबराचे दोन तुकडे, वरून सागवानी बीडिंग, म्हणजे काच धरून ठेवणारी बारीक पट्टी. वाकडेपणा सगळा लाकडानं पोटात घेतला. घर जुनं असेल तर मी तरी याच पद्धतीचा आग्रह धरीन.

टफन काचेबद्दल एक अनुभव सांगायलाच हवा. भवानी पेठेतल्या त्या दुकानात जायच्या आधी घराजवळच्या एका काचवाल्याकडे दर विचारला होता. तो म्हणाला, “टफनच देतो, उद्या संध्याकाळी घेऊन जा, इथेच कापून देतो.” तेव्हा मला काही कळत नव्हतं. आता कळतं की दुकानात कापून मिळते ती टफन नव्हेच. आधी माप, मग कापणं, मग कारखान्यातली भट्टी, आणि मग घर, असा तिचा रस्ता आहे. आम्हांला नऊ दिवस लागले. टफन काच फुटली तर खडीसाखरेसारखे बोथट खडे होतात. साधी काच फुटली तर सुऱ्यासारखे लांब तुकडे. ज्या घरात एक म्हातारं माणूस आणि धावती पोरं येतात-जातात तिथे हा फरक जिवाशी आहे. काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का असतो, त्यावर सुरक्षा काचेचं भारतीय मानक आयएस २५५३ लिहिलेलं असतं. बीडिंग बसवायच्या आधी तो शिक्का बघा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण नंतर तो लाकडाखाली जाऊ शकतो.

बाथरूमच्या दारात एक गोंधळ झाला. ते दार पांढऱ्या अॅल्युमिनियमच्या सेक्शनचं, बसवायला दुसरे कारागीर आले होते. पहिल्याच दिवशी मुलगी आंघोळ करून बाहेर आली आणि घाबरून म्हणाली, “आई, काच आरपार दिसतेय!” खरंच, जिथे जिथे पाणी उडालं होतं तिथे दुधी रंग गायब, साध्या खिडकीसारखी स्वच्छ काच, आणि मध्ये पांढरे पट्टे. आमची काच एकाच बाजूनं दुधी, आणि ती बाजू आत आली होती. मुलगी बारावी सायन्सला. तिनं मला समजावलं की काच दुधी दिसते ती पृष्ठभागावरच्या बारीक खाचाखळग्यांमुळे, तिथे उजेड सगळीकडे विखुरतो. पाण्यानं ते खळगे भरले की पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत झाल्यासारखा होतो आणि उजेड सरळ पार जातो. दुसऱ्या दिवशी बीडिंग काढून काच उलटी केली, अर्ध्या तासाचं काम. आता गुळगुळीत बाजू आत, दुधी बाजू कोरड्या पॅसेजकडे. स्वयंपाकघरातही तसंच करून घेतलं, म्हणजे फोडणीचा तेलकट थर गुळगुळीत बाजूवर बसतो आणि सहज निघतो. बसवणाऱ्याला हे माहीत असेल असं गृहीत धरू नका. काच हातात असतानाच बोट फिरवून बाजू दाखवून द्या.

खर्च लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा कोणी स्पष्ट लिहिलेला सापडला नव्हता. आम्हांला पडलेले दर असे : एच्ड टफन ५ मि.मी. चौरस फुटाला १८५ रुपये, सँडब्लास्ट १४०. एका दारात ११ चौरस फूट काच, म्हणजे काचेचे २,०३५ रुपये. सागवानी पल्ला मजुरीसकट १६,५००, कड्या-कुलुपं आणि बिजागऱ्या वेगळ्या. म्हणजे सँडब्लास्ट घेऊन वाचले असते दारामागे पाचशे रुपये. एवढ्यासाठी पुढची पंधरा वर्षं डाग बघत बसण्यात काही अर्थ नाही. भाड्याच्या घरात राहत असाल तर मात्र फिल्म चांगली. माझ्या बहिणीनं लावली आहे, छान दिसते, कडा वर्षभरात थोड्या उचलल्या आहेत.

न आवडलेलं काय? आवाज. मिक्सर लावला की अभ्यासाच्या खोलीत आता आधीपेक्षा जास्त ऐकू येतो. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी चिकटवल्यावर बरंच कमी झालं, पण जुन्या भरीव दारांची शांतता आली नाही. घरात कोणी रात्रपाळी करून दिवसा झोपत असेल तर याचा विचार करा. आणि पुसायची पद्धत सगळ्यांना सांगावी लागते. आमच्या कामाच्या मावशी पूर्वी काचा वर्तमानपत्रानं चकचकीत करायच्या. दुधी बाजूला तसं केलं तर शाई खळग्यांत राहते. मऊ ओलं फडकं, थोडं भांड्यांचं लिक्विड, मग कोरडं फडकं, बास. आता मावशीच मला सांगतात की आज कुठल्या दारावर बोटं उमटली आहेत.

बाकी, मला जे हवं होतं ते मिळालं. सकाळी साडेसातला स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं. दार बंद असलं तरी पॅसेजच्या लाद्यांवर पांढरा, मऊ उजेड पसरतो, कडा नसलेला. संध्याकाळी सासूबाई देवापाशी निरांजन लावतात. ज्योत दिसत नाही, पण काचेवर तळहाताएवढा केशरी ठिपका हलत राहतो, आणि त्यावरून बाहेर कळतं की पूजा चालू आहे, आत जायचं नाही. रात्री अकराला मुलीच्या दाराची काच उजळलेली दिसली की सासूबाई न विचारता दुधाचा कप नेऊन ठेवतात. पाऊसकाळही एक पार पडला. सागवान फुगलं नाही, एकही दार अडलं नाही. पॅसेजच्या भिंतीला नवा रंग देऊन वर्ष होऊन गेलं, हाताचा पट्टा पुन्हा उमटलेला नाही.

गेल्या आठवड्यात सासूबाई जेवताना म्हणाल्या, “माझ्या दाराला वरच्या बाजूला एवढीशी पट्टी बसेल का गं? खाली नको, फक्त वर.” दोन हातांनी वीतभर उंची दाखवली. सुतारकाका कालच येऊन मापं घेऊन गेले, दोन्ही तिरकी मापंसुद्धा. काच पुढच्या आठवड्यात येते आहे.